मानसोपचाराच्या नव्या तुकडीत सगळ्यांना जागा : पहिल्यांदाच सुपरवायझर झालेल्यांसाठी

मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणार्थ्यांची तुकडी पहिल्यांदाच तुमच्याकडे सोपवली असेल, तर वैविध्य आणि समावेशनावरचं एखादं परिपत्रकही एव्हाना तुमच्या टेबलावर आलं असेल. बहुतेक ठिकाणी त्या परिपत्रकाचं एक व्याख्यान होतं. बाहेरून वक्ता येतो, स्लाइड दाखवतो, हजेरीपटावर सह्या होतात आणि विषय मिटतो. व्याख्यान जरूर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. प्रशिक्षणार्थ्याला आपण इथले आहोत की नाही हे कळतं ते रोजच्या कामातून: मुलाखतीत काय विचारलं, कोणती केस कोणाला दिली, राउंडमध्ये कोणी टोमणा मारला आणि त्यावर वरिष्ठ गप्प बसले का, वर्षाअखेरीच्या शेऱ्यात कोणतं विशेषण पडलं. पुढच्या पायऱ्या या रोजच्या कामाच्या आहेत. मानसोपचाराचे रेसिडेंट असोत, क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी, समुपदेशक, परिचारिका किंवा समाजकार्याचे इंटर्न, थोड्याफार फरकाने त्या सगळीकडे लागू पडतात.

पहिली पायरी : आपल्या शास्त्राचा हिशेब माहीत करून घ्या

ही पायरी बरेच जण गाळतात. पण ज्याच्या समाजाला आपल्या शास्त्राने कधीकाळी आजारी ठरवलं होतं, तो प्रशिक्षणार्थी हा इतिहास घरूनच शिकून आलेला असतो. तो तुम्हाला ठाऊकच नसेल, तर पहिल्याच संभाषणात ते उघडं पडतं.

१८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने गुलामांच्या पळून जाण्याला 'ड्रापेटोमेनिया' असं आजाराचं नाव दिलं होतं. मालकाला सोडून पळावंसं वाटणं हेच लक्षण! समलैंगिकता अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९७३ पर्यंत होती आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत १९९० पर्यंत. ट्रान्स व्यक्तींशी संबंधित निदान मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढणारी याच जागतिक सूचीची आयसीडी-११ ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. म्हणजे तुमच्या तुकडीतल्या काही जणांच्या शाळा-कॉलेजच्या वयात ते स्वतः पुस्तकाप्रमाणे 'केस' होते.

यातली एक गोष्ट थेट प्रशिक्षणार्थ्याची आहे. जॉन फ्रायर हा अमेरिकन डॉक्टर समलैंगिक आहे हे कळल्यावर त्याला मानसोपचाराची रेसिडेन्सी सोडावी लागली. प्रशिक्षण त्याने दुसरीकडे पुरं केलं. मे १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकन मानसोपचार संघटनेचं वार्षिक अधिवेशन होतं. तिथे तो 'डॉ. एच. अनॉनिमस' या नावाने व्यासपीठावर बसला. चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर विग, अंगात मापापेक्षा मोठा सूट, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून तो बदलणारा मायक्रोफोन. मी समलैंगिक आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञही आहे, हे स्वतःच्याच व्यवसायबंधूंना सांगण्यासाठी एवढा सरंजाम करावा लागला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये संघटनेने ते निदान रद्द केलं. तो मुखवट्यामागचा माणूस मीच, हे फ्रायरने जाहीरपणे सांगितलं ते १९९४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत त्याला काय वाटत असेल, हा पहिल्या गटचर्चेसाठी उत्तम प्रश्न आहे. सगळं पुरोगामी बोलणाऱ्या विभागातसुद्धा असा मुखवटा घालून वावरणारं कोणीतरी असतं.

दुसरी पायरी : कोण आलं आणि कोण गेलं ते मोजा

विभागात सगळ्या प्रकारची माणसं आहेत, हे नुसतं नजरेने ठरवू नका. गेल्या काही वर्षांच्या नोंदी काढा. अर्ज कोणी केले, मुलाखतीपर्यंत कोण पोचलं, निवड कोणाची झाली, मुदतवाढ कोणाला मिळाली, नापास कोण झालं, मध्येच सोडून कोण गेलं. लिंग, अपंगत्व, भाषा, जात किंवा वंश, धर्म, घरातली पहिलीच शिकणारी पिढी, यांतलं जे तुमच्या ठिकाणी कायद्याने आणि प्रशिक्षणार्थ्यांच्या संमतीने विचारता येतं तेवढंच विचारा. उत्तर न देण्याची मोकळीक ठेवा. तुकडी लहान असेल तर आकडे भिंतीवर लावू नका. 'अपंग प्रशिक्षणार्थी : १' असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच होतं.

सगळ्यात बोलकी असते ती शेवटची यादी, सोडून गेलेल्यांची. प्रवेशाच्या टप्प्यावर वैविध्य छान दिसतं आणि दोन वर्षांनी तीच तीच माणसं गळालेली असतात, असं असेल तर दोष निवडीत शोधू नका. तो आतल्या कारभारात आहे.

तिसरी पायरी : निवड

मुलाखत समितीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आपल्या टीममध्ये बसेल असं वाटतं.' त्याचा अर्थ बऱ्याचदा 'आपल्यासारखा आहे' एवढाच असतो. त्यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे, पण चालतो. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाच्या चांगल्या, बऱ्या आणि कच्च्या उत्तरात काय असेल ते आधी लिहून ठेवायचं. गुण प्रत्येकाने स्वतंत्रपणे द्यायचे आणि चर्चा त्यानंतर करायची, म्हणजे ज्येष्ठांच्या भुवया बघून बाकीच्यांचे आकडे बदलत नाहीत. अशा बांधीव मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज गप्पांच्या मुलाखतीपेक्षा चांगला येतो, हे नोकरभरतीच्या संशोधनात वारंवार दिसलेलं आहे.

निकषांकडेही एकदा नीट बघा. 'बिनपगारी स्वयंसेवेचा अनुभव' याला भरपूर गुण ठेवले, की ज्यांना घर चालवायचं होतं ते सगळे मागे पडतात. त्याऐवजी 'त्रासात असलेल्या माणसाबरोबर केलेलं काम' असा निकष ठेवा. मग आजारी आजीला वर्षभर सांभाळलेली मुलगी आणि कॉल सेंटरवर चिडलेल्या ग्राहकांशी रोज बोललेला मुलगा यांनाही सांगण्यासारखं काही असतं. भाषेचंही तसंच आहे. रुग्णाशी बोलता येतं का हे जरूर तपासा. उच्चार कसे आहेत याला गुण देऊ नका.

एक प्रश्न मात्र कधीच विचारू नका: तुम्हाला स्वतःला कधी मानसिक आजार झाला होता का? कोणी आपणहून सांगितलं तर आभार माना आणि पुढच्या प्रश्नावर जा. त्यावर गुण वाढवू नका, कापूही नका.

चौथी पायरी : पहिले दोन आठवडे

रुजू होण्याआधी सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, एकच निरोप पाठवा. शब्द साधारण असे असू द्या:

'तुमचं नाव कसं उच्चारायचं आणि तुम्हाला कसं संबोधलेलं आवडेल ते कळवा. कामासाठी काही सोय लागणार असेल (बसण्याची जागा, स्क्रीन रीडर, ड्यूटीच्या वेळा, औषधामुळे रात्रपाळीची अडचण, लहान बाळ, उपासनेची वेळ), तर लिहा. कारण सांगण्याची सक्ती नाही. आत्ता काही नसेल आणि पुढे लागलं, तर तेव्हा सांगा.'

सगळ्यांना पाठवायचं, कारण दिसणाऱ्या अपंगत्वापेक्षा न दिसणारं जास्त असतं, आणि निवडक लोकांनाच विचारलं की ते निवडक होऊन बसतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच मानला आहे, हे प्रशासनाशी बोलताना कामी येतं. तरी प्रशासनाला खरी धास्ती असते खर्चाची. प्रत्यक्षात मागण्या बहुधा साध्या निघतात. कोणाला केसची कागदपत्रं आदल्या दिवशी हवी असतात, कोणाला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून राउंडमध्ये ठरावीक बाजूला उभं राहायचं असतं. प्रत्येकाला एक वर्ष पुढचा एखादा सोबती जोडून द्या. त्याच्याकडे मूल्यमापनाचा कुठलाही अधिकार नसावा.

पाचवी पायरी : केस वाटताना

इथे चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त घोळ होतात. एखाद्या समाजातला प्रशिक्षणार्थी आला की त्या समाजाचे सगळे रुग्ण त्याच्याकडे वळवले जातात. 'त्यांचं त्यांना जास्त कळतं.' परिणाम असा, की बाकीचे ते रुग्ण बघायला शिकत नाहीत, त्या एकट्याला दुसरं काही शिकायला मिळत नाही, आणि त्याच्याच नात्यागोत्यातल्या, ओळखीपाळखीच्या माणसाच्या खासगी गोष्टी त्याच्यापुढे येण्याचा धोका वाढतो. रुग्णालाही आपल्यातलाच माणूस नेहमी हवा असतो असं नाही. गावभर होईल या भीतीने अनेकांना मुद्दाम परकाच बरा वाटतो. म्हणून दोघांनाही विचारा, आणि महिन्याच्या शेवटी कोणाकडे कोणत्या प्रकारच्या केस गेल्या यावर एक नजर टाका.

दुभाष्याचं काम हा याचाच भाऊ. एखादी भाषा येणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला वेळीअवेळी 'जरा इकडे ये, हे काय म्हणतायत बघ' म्हणून बोलावलं जातं. त्याची ओपीडी मागे पडते आणि त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. शक्य तिथे प्रशिक्षित दुभाषी घ्या. प्रशिक्षणार्थ्यालाच बसवावं लागलं तर ते त्याच्या कामाच्या तासांत धरा आणि नकार देण्याची मुभा ठेवा. दुभाष्याबरोबर काम कसं करायचं हे मात्र सगळ्या तुकडीला शिकवा. आधी पाच मिनिटं भेटून विषय सांगायचा, तिघांनी त्रिकोणात बसायचं, बोलायचं ते रुग्णाकडे बघून, एका वेळी एकच वाक्य, आणि नंतर पुन्हा पाच मिनिटं भेटून दुभाष्याला काय जाणवलं ते विचारायचं. रुग्णाच्या मुलाबाळांना दुभाषी करायचं नाही. आईच्या आत्महत्येच्या विचारांचं भाषांतर बारा वर्षांच्या मुलाकडून करून घेणं हे त्या मुलावर लादलेलं ओझं आहे, आणि आई त्याच्यासमोर खरं बोलण्याची शक्यताही फार कमी.

आता अवघड प्रसंग. रुग्ण म्हणतो, 'मला हा डॉक्टर नको. दुसरा कोणी नाही का?' कारण जात असेल, धर्म असेल, रंग, लिंग किंवा बोलण्याचा ढंग असेल. नवा प्रशिक्षणार्थी अशा वेळी कानकोंडा होतो, माफी मागतो, बाहेर येतो आणि कोणाला काही सांगत नाही. हे टाळायचं तर तसा प्रसंग घडण्याआधीच विभागाने काय करायचं ते ठरवून ठेवावं लागतं. माझ्या मते क्रम असा असावा.

रुग्णाची स्थिती आधी बघा. जीवाला धोका असेल तर उपचार आधी, बाकी सगळं नंतर. भ्रमात, तीव्र गोंधळात किंवा स्मृतिभ्रंशात असलेल्या माणसाचं बोलणं हे त्या वेळी आजाराचा भाग म्हणून हाताळायचं. मग मागणीमागचं कारण बघा. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईने स्त्री थेरपिस्ट मागणं आणि धडधाकट माणसाने आडनाव ऐकून डॉक्टर नाकारणं, या दोन्ही गोष्टी एका तागडीत टाकू नका. पहिलीची सोय करा. दुसऱ्याशी वरिष्ठाने स्वतः बोलायचं, प्रशिक्षणार्थ्याला एकटं सोडायचं नाही. शब्द साधेच असावेत: 'हे आमच्या टीममधले डॉक्टर आहेत, या कामाला पूर्ण पात्र आहेत. तुम्हाला कशाची काळजी वाटते ते मला सांगा.' एवढ्याने बरेच जण वरमतात. नाहीच वरमले, तर पुढे ही केस बघायची का, हे प्रशिक्षणार्थ्याला विचारा. बघायची म्हणाला तर पाठीशी राहा. नको म्हणाला तर केस बदला, आणि त्याच्या केसच्या कोट्यात ती पूर्ण धरा. त्याच दिवशी दहा मिनिटं काढून त्याच्याशी बोला. 'आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस' एवढ्यावर संभाषण संपवू नका. ते त्याला आधीच ठाऊक असतं.

सहावी पायरी : सुपरविजनचा तास

सुपरविजन म्हणजे प्रशिक्षणार्थ्याने आपल्या केसबद्दल वरिष्ठाशी ठरलेल्या वेळी बोलणं. एकाच गोष्टीला वेळ देणं जमणार असेल तर ती ही असू द्या. थेरपिस्ट कसा घडतो हे त्या बंद खोलीतल्या तासावर अवलंबून असतं, आणि त्या खोलीत सत्ता तुमच्याकडे आहे.

म्हणून फरकांचा विषय तुम्ही काढायचा. प्रशिक्षणार्थी तो काढेल अशी वाट बघत बसलात तर वर्ष संपेल. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत सांगा: 'आपल्या दोघांत वयाचा, पदाचा, कदाचित भाषेचा आणि घरच्या परिस्थितीचा फरक आहे. काही गोष्टी मला दिसणार नाहीत. तशा दिसल्या तर मला सांगा. सांगितल्याचा परिणाम शेऱ्यावर झाला असं वाटलं, तर कोणाकडे जायचं त्यांचं नाव मी आत्ताच देतो.' नाव खरोखर द्या. नाव न देता नुसतं 'माझ्याशी मोकळेपणाने बोला' म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर कोणी बोलत नाही.

मग प्रत्यक्ष केस. समजा एक चुणचुणीत, शहरात वाढलेली प्रशिक्षणार्थी सांगतेय: 'पेशंट कोऑपरेटिव्ह आहेत, पण मनाचं काही सांगतच नाहीत. सगळं शरीराचंच. सायकोथेरपीला फारशा सूटेबल वाटत नाहीत.'

'त्या काय म्हणाल्या? त्यांच्याच शब्दांत सांगा.'

'म्हणाल्या, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. पहाटे तीनला जाग येते. मग उठून बसते, कोणाला उठवत नाही. अंग आपलं नसल्यासारखं वाटतं.'

'कोणाला उठवत नाही, यावर तुम्ही पुढे काय विचारलंत?'

ती गप्प होते, कारण त्या वाक्याकडे तिचं लक्षच गेलेलं नसतं. मनाचं सगळं त्या एका वाक्यात होतं.

इथे 'त्यांच्या संस्कृतीत शरीराच्या भाषेत बोलतात' असं समजावून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १४ देशांतल्या १५ प्राथमिक आरोग्यकेंद्रांमधले नैराश्याचे निकष पुरे करणारे १,१४६ रुग्ण होते. त्यांतले ६९ टक्के फक्त शारीरिक तक्रार घेऊन आले होते. मनाच्या लक्षणांबद्दल थेट विचारल्यावर ती साफ नाकारणारे मात्र ११ टक्केच निघाले. आणि शरीराची तक्रार घेऊन येण्याचं प्रमाण जास्त होतं ते जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता तिथे. म्हणजे अडचण अमुक एका समाजाच्या मनोरचनेत शोधण्याआधी, आपण विचारलं का आणि त्यांनी आपल्याला का सांगावं, हे बघायला हवं. समावेशन शिकवायचं म्हणजे वेगवेगळ्या समाजांच्या चालीरीतींची यादी पाठ करून घ्यायची नाही. अशा याद्यांनी नवे पूर्वग्रह तेवढे तयार होतात. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये प्रशिक्षणासाठी सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली ती यासाठीच: समोरच्याच्या जगाबद्दल आपण कायम विद्यार्थी आहोत असं धरून चालायचं आणि स्वतःला पुन्हापुन्हा तपासून बघायचं.

हातात धरायला काही साधन हवं असेल तर दोन आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकात सुचवलेले प्रश्न: तुम्हाला काय झालंय असं वाटतं, कशामुळे झालं, आत्ताच का झालं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, उपचारातून काय हवंय. दुसरं म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ मधली (अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानसूची) १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत. प्रशिक्षणार्थ्यांना ती आधी एकमेकांवर करून बघायला लावा. प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी बसून जे कळत नाही ते उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून कळतं. पण कोणी किती सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. गटापुढे कोणाची जात, लैंगिकता किंवा आजार उकरून काढण्याचा खेळ करू नका.

सातवी पायरी : शेरे आणि गुण

जुने मूल्यमापन-अर्ज काढा आणि फक्त विशेषणं अधोरेखित करा. 'शांत', 'आत्मविश्वास कमी', 'फार आक्रमक', 'मिसळत नाही', 'पॉलिश हवं'. कोणाच्या वाट्याला कोणतं विशेषण आलंय ते बघा. मग नियम करा: विशेषणाच्या मागे पाहिलेली घटना नसेल तर ते खोडायचं. 'आत्मविश्वास कमी' याच्या जागी 'तीन मुलाखतींत आत्महत्येचा प्रश्न विचारताना वाक्य अर्धवट सोडलं' असं लिहिलं तर शिकणाऱ्याला करायला काहीतरी मिळतं. त्यासाठी मुलाखती प्रत्यक्ष बघायला हव्यात, काचेमागून किंवा रुग्णाच्या संमतीने केलेल्या रेकॉर्डिंगवरून. केस तोंडी सांगण्यावर गुण दिले, की छान बोलता येणारे पुढे जातात.

याच्या उलटही एक चूक होते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आपण पक्षपाती ठरू या भीतीने सुपरवायझर अल्पसंख्य प्रशिक्षणार्थ्याला कडू बोलतच नाहीत. वर्षभर 'छान चाललंय', आणि शेवटी अचानक मुदतवाढ. हा दयाळूपणा नाही, त्याच्या शिकण्याचं वर्ष बुडवणं आहे. कमतरता पहिल्या महिन्यातच सांगा, काय दिसलं तर ती भरून निघाली असं मानाल तेही सांगा, आणि दर पंधरा दिवसांनी बघा. रुग्णाला धोका होईल असं काम करणाऱ्याला पास करणं समावेशनात कुठेच बसत नाही.

आठवी पायरी : टोमणे, आणि तक्रार

चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये 'मायक्रोअॅग्रेशन' हा शब्द आणला. एकेकटा पाहिला तर क्षुल्लक वाटावा असा, पण रोज सोसावा लागणारा उपमर्द. 'तुमच्या मानाने भाषा छान आहे हो', 'तुम्ही कोट्यातून का?', 'मुलं झाल्यावर सोडूनच देणार ना थेरपी'. बोलणारा चेष्टेवर नेतो. ऐकणाऱ्याने उत्तर दिलं तर 'फार सेन्सिटिव्ह', नाही दिलं तर आतून पोखरतं.

हे थांबवण्याचं काम खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं. भाषण लागत नाही. 'हे वाक्य इथे नको. पुढची केस.' एवढं पुरतं, पण ते त्याच क्षणी यायला हवं. नंतर खोलीत बोलावून 'त्यांचा तसा हेतू नव्हता' असं सांगण्याने काही साधत नाही. आणि तो टोमणा तुमच्याच तोंडून गेला असेल तर जिथे गेला तिथेच, त्याच लोकांसमोर दुरुस्त करा. थोडक्यात. लांबलचक माफीनाम्याने शेवटी ऐकणाऱ्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

तक्रारीसाठी किमान दोन वेगळे मार्ग ठेवा, त्यातला एक विभागाबाहेरचा. कोण ऐकणार, किती दिवसांत उत्तर येणार, काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे रुजू होण्याच्या दिवशी लेखी द्या. तक्रार करणाऱ्याचं मूल्यमापन त्या काळापुरतं दुसऱ्या सुपरवायझरकडे द्या. ही एक सोय नसेल तर बाकीचं धोरण कागदावरच राहतं.

नववी पायरी : ज्यांनी स्वतः आजार भोगला आहे ते

या क्षेत्रात येणाऱ्या बऱ्याच जणांचा स्वतःचा किंवा घरातला अनुभव असतो आणि तोच बहुधा लपवला जातो. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी (तीव्र भावना आणि स्वतःला इजा करण्याची ओढ सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती) ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनहान यांनी, तरुणपणी आपण स्वतः रुग्णालयात दाखल होतो, स्वतःला इजा करत होतो, हे जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये, जगभर नाव झाल्यानंतर. एवढ्या मोठ्या माणसाला एवढा वेळ लागतो, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून आपण काय अपेक्षा करणार?

करायचं ते इतकंच. प्रशिक्षणार्थ्याचे उपचार त्याला शिकवणाऱ्या किंवा गुण देणाऱ्या माणसाकडे नकोत, शक्यतो त्याच इमारतीतही नकोत. थेरपीला जायला कामाच्या वेळेत रजा मिळावी, आणि ती रजा कशासाठी हे हजेरीपटावर लिहिलेलं नसावं. सुपरविजनमध्ये प्रश्न कामाबद्दलचे विचारा: ही केस बघताना काय होतंय, रुग्णाला त्याचा फायदा होतोय की अडथळा, आत्ता कोणत्या केस नकोत. निदान विचारू नका. आणि चहाच्या खोलीत 'बॉर्डरलाइन आहे ती' (हे व्यक्तिमत्त्वविकाराचं एक निदान) असा विनोद झाला तर आठवी पायरी आठवा. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या फाइलवर तेच निदान असू शकतं.

दहावी पायरी : न दिसणारं काम मोजा, आणि गेलेल्यांना विचारा

विभागात एकच अपंग प्रशिक्षणार्थी असेल तर प्रत्येक समितीवर तोच, माहितीपत्रकावर फोटो त्याचाच, आणि नव्या अपंग विद्यार्थ्यांना आधार देण्याचं कामही त्याच्याकडेच. या कामाचे तास मोजा, ड्यूटीतून वजा करा, प्रमाणपत्रात लिहा, आणि नको म्हणायची सोय ठेवा. काम करून घ्यायचं आणि श्रेय द्यायचं नाही, याला आपल्या क्षेत्रात लांबलचक परंपरा आहे. सॉलोमन कार्टर फुलर हे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ मानले जातात. त्यांनी म्युनिकला, ज्यांच्या नावाने आल्झायमर हा आजार ओळखला जातो त्या डॉ. आल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. पुढे अमेरिकेत त्यांनी काही वर्षं न्यूरॉलॉजी विभागप्रमुखाचं काम सांभाळलं, पद मात्र मिळालं नाही. ते एका गोऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याला दिलं गेलं तेव्हा, १९३३ मध्ये, ते निवृत्त झाले.

तुकडी बाहेर पडताना भरून घेतलेले अभिप्राय गोडच असतात, कारण शिफारसपत्रं अजून मिळायची असतात. खरं ऐकायचं असेल तर तीन-चार महिने थांबा आणि विभागाबाहेरच्या माणसाला फोन करायला सांगा. मध्येच सोडून गेलेल्यांनाही. तीन प्रश्न पुरतात: इथे कोणत्या गोष्टी लपवाव्या लागल्या, कोणामुळे टिकलात किंवा कोणामुळे सोडलंत, आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला इथे यायला सांगाल का. उत्तरं पुढच्या निवड समितीची बैठक बसण्याआधी हातात यायला हवीत, तेव्हा फोनची तारीख आत्ताच त्या बैठकीच्या आधीच्या महिन्यात टाकून ठेवा.